ज्योतीशिवाय स्टर्लिंग: घरी बनवलेलं इंजिन उष्णता-पंप म्हणून कसं चालवायचं

ज्योतीवर फिरणारं छोटं स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आत कोंडलेली हवा एका टोकाला तापवून आणि दुसऱ्या टोकाला गार करून चालणारं इंजिन, एकदा जमलं की पुढचा प्रश्न हमखास पडतो. ज्योत काढून टाकली आणि चाक मोटरने फिरवलं, तर एक टोक गार पडेल का?

पडतं. पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांना ते दिसत नाही, मलाही दिसलं नव्हतं. 'इंजिन उलटं चालवायचं' असं सगळीकडे ऐकलेलं, म्हणून मी मोटर उलट्या दिशेने फिरेल अशी जोडली आणि ज्योतीकडच्या टोकावर बोट ठेवून गारव्याची वाट बघत बसलो. टोक कोमट झालं. घर्षणाने तापलं असेल, असं म्हणून मी पुढच्या दोन आठवड्यांत सगळं यंत्र दोनदा सोडवलं, घासलं, पुन्हा जोडलं. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. ते मी सांगितलेलंच काम करत होतं, सांगणाराच चुकला होता.

त्या दोन आठवड्यांतून आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांतून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो. तुमच्याकडे गॅमा रचनेचं इंजिन आहे असं धरलंय, म्हणजे डिस्प्लेसरचा (हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवणारा सैल दट्ट्या) सिलिंडर वेगळा आणि पॉवर पिस्टनचा (हवेच्या दाबाने ढकलला जाऊन चाक फिरवणारा घट्ट दट्ट्या) वेगळा. बोलायला सोपं जावं म्हणून डिस्प्लेसर सिलिंडरच्या बंद टोकाला, जिथे एरवी ज्योत लागते, 'शेंडा' म्हणू. पॉवर सिलिंडरला जोडलेलं दुसरं टोक ते 'बुड'.

१. उलटं म्हणजे नेमकं काय उलटं?

इंजिन चालू असताना हवा बहुतांशी शेंड्याशी असते तेव्हा फुगते, आणि बुडाशी असते तेव्हा दाबली जाते. फुगताना हवा गार व्हायला बघते, ज्योत तिला उष्णता पुरवून सावरते. आता ज्योत विझवा आणि चाक त्याच दिशेने मोटरने फिरवा. हवा अजूनही शेंड्याशीच फुगते. तिला उष्णता अजूनही हवी असते, पण ज्योत नाही, म्हणून ती शेंड्याच्या धातूतूनच ओढून घेते. शेंडा गार होतो. बुडाशी हवा दाबली जाताना ती उष्णता बाहेर पडते, बुड तापतं.

म्हणजे फिरण्याची दिशा तीच ठेवूनही यंत्र पंप होतं. उलटतो तो ऊर्जेचा प्रवास: आधी उष्णता घालून काम मिळत होतं, आता काम घालून उष्णता हलवली जाते. चाक उलट्या दिशेने फिरवलं, तर हवा शेंड्याशी दाबली जाते आणि बुडाशी फुगते. मग शेंडा तापतो, बुड गार पडतं. दोन्ही बाजूंनी तो पंपच आहे, फक्त टोकांची अदलाबदल होते. माझे दोन आठवडे या एका वाक्यापायी गेले.

कल्पना जुनी आहे. रॉबर्ट स्टर्लिंगने इंजिनाचं पेटंट घेतलं १८१६ साली. १८३४ मध्ये जॉन हर्शेल यांनी असं इंजिन उलट वापरून बर्फ करता येईल असं सुचवलं, १८६० च्या दशकात अलेक्झांडर कर्क यांनी या तत्त्वावर चालणारं शीतयंत्र प्रत्यक्ष बांधलं, आणि १९५० च्या दशकात फिलिप्सच्या यंत्रांनी त्याच चक्रावर हवा द्रवरूप करून दाखवली, म्हणजे उणे १९० अंश सेल्सिअसच्याही खाली. आपण खोलीच्या तापमानापेक्षा दहा-पंधरा अंश खाली जाऊ. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

२. काय काय लागेल

माझ्या यंत्राची मापं आधी देतो, कारण पुढचे सगळे आकडे त्यांवरून आलेत.

- डिस्प्लेसर सिलिंडर: स्टेनलेस स्टीलची नळी, आतला व्यास २५ मिमी, भिंत अर्धा मिमी. डिस्प्लेसरचा स्ट्रोक (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सरक) ४० मिमी, म्हणजे तो दर खेपेला साधारण २० घन सेंमी हवा सरकवतो.
- डिस्प्लेसर: हलका, पोकळ, दोन्हीकडून बंद. व्यास २२ मिमी, लांबी ८० मिमी.
- पॉवर सिलिंडर: काचेची सिरिंज, व्यास २० मिमी, स्ट्रोक ३२ मिमी, म्हणजे साधारण १० घन सेंमी.
- १२ व्होल्टची गिअर लावलेली डीसी मोटर, मिनिटाला ३०० ते ५०० फेऱ्यांची, सोबत वेग कमी-जास्त करणारं सर्किट आणि ध्रुव उलटणारा स्विच.
- जड फ्लायव्हील, म्हणजे फिरणं एकसारखं ठेवणारं चाक.
- दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) आणि दोन्ही तापमानं एकाच वेळी दाखवणारा मीटर.
- व्होल्ट आणि अँपिअर मोजायला मल्टिमीटर, शक्यतो दोन.
- १० ओहमचा, २-३ वॅट सोसणारा रेझिस्टर आणि कमी-जास्त करता येणारा वीजपुरवठा.
- स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेचा लोकरीसारखा गुंता, म्हणजे स्टील वूल.
- बुडाभोवती पाण्याचं जाकीट किंवा पंख्यासह हीटसिंक.
- शेंड्याभोवती गुंडाळायला फोम.
- वही. खरंच. तापमान, वेग, दिशा, वेळ हे लिहून न ठेवल्यास तिसऱ्या दिवशी काय बदललं होतं ते आठवत नाही.

नळी अॅल्युमिनिअमची असेल तर आत्ताच बदला. शेंडा आणि बुड यांच्यात ४० अंशांचा फरक धरला, तर वर दिलेल्या मापाच्या स्टेनलेस नळीच्या भिंतीतून सुमारे ०.३ वॅट उष्णता परत वाहते. तेवढीच नळी अॅल्युमिनिअमची घेतली तर जवळपास ४ वॅट. यंत्र पंप करणार एक-दोन वॅट, तेही कागदावर. फुटक्या घड्यात पाणी भरण्यातला प्रकार.

यंत्र फक्त पंपासाठीच नव्याने बांधत असाल तर नळी अॅक्रिलिकचीही चालेल, टोकाच्या टोप्या तेवढ्या धातूच्या हव्यात. ज्योत नसल्यामुळे वितळायची भीती नाही, आणि डिस्प्लेसर कडक फोमचा केला तरी भागतं. पण मग पुढची पायरी तुम्हाला करता येणार नाही, आणि ती मोलाची आहे.

३. आधी इंजिन म्हणून चालवा

ज्योतीवर जे यंत्र फिरत नाही ते मोटरवरही सहसा नीट उष्णता हलवत नाही. इंजिन म्हणून दोन-तीन मिनिटं सलग फिरलं की गळती बेताची आहे, घर्षण बेताचं आहे आणि डिस्प्लेसर आणि पॉवर पिस्टन यांच्या चालीतला ९० अंशांचा कोन बरोबर आहे, या तिन्ही गोष्टी एका झटक्यात सिद्ध होतात. फिरताना फ्लायव्हीलवर खडूने बाण काढून ठेवा, इंजिन कुठल्या दिशेने फिरतंय ते दाखवणारा. हा बाण पुढे लागणार आहे.

मग यंत्र पूर्ण निवू द्या. तासभर तरी. शेंड्यात उरलेली ज्योतीची ऊब पुढच्या सगळ्या नोंदी बिघडवते.

४. गळती आणि मधला दाब

सिरिंजची नळी बोटाने बंद करून पिस्टन ओढून सोडा. तो जवळपास मूळ जागी परत यायला हवा. तेल घालायचा मोह होईल, घालू नका. तेल काचेवर चिकटपणा आणतं आणि हळूहळू रिजनरेटरमध्ये (हवेच्या वाटेतला, उष्णता साठवणारा तारांचा गुंता, पुढे येईलच) जाऊन बसतं. काच आणि पिस्टन स्पिरिटने पुसून कोरडेच ठेवा, फार तर ग्रॅफाइटची पूड लावा. डिस्प्लेसरची दांडी जिथून बाहेर येते ती बूशही (दांडीभोवतीचं कडं) तपासा. माझी सगळ्यात मोठी गळती तिथे होती आणि मी सिरिंजला दोष देत होतो.

एक बारीक गोष्ट सहसा राहून जाते. यंत्र बंद करताना पॉवर पिस्टन पूर्ण आत असेल तर अडकलेली हवा कमी, पूर्ण बाहेर असेल तर जास्त, आणि दोन्ही वेळी मोटरला एका बाजूला विनाकारण जोर लावावा लागतो. म्हणून एक छोटं छिद्र स्क्रूसह ठेवा. पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर आणा, स्क्रू उघडा, बंद करा. प्रत्येक वेळी चालवण्याआधी हे करायचं.

५. मोटर जोडणं

फार ताकद लागत नाही. या मापांत आतला दाब सरासरीच्या वर-खाली १४ किलोपास्कलच्या आसपास हलतो. पिस्टनवर त्याचा जोर साडेचार न्यूटनच्या आत येतो, आणि १६ मिमीच्या क्रँकवर (पिस्टनची दांडी चाकाला जोडणारा आडवा भाग) तो जेमतेम ०.०७ न्यूटन-मीटर पीळ होतो. पण हा जोर एकसारखा नसतो. पाव फेरीत मोटरला हवेशी झगडावं लागतं आणि पुढच्या पाव फेरीत हवाच चाकाला ढकलते. फ्लायव्हील हलकं असेल तर यंत्र अडखळत फिरतं, मोटर गुरगुरते आणि गिअरचे दात झिजतात. इंजिनाला पुरलं होतं त्याच्या दुप्पट जड फ्लायव्हील मी शेवटी लावलं.

मोटर थेट शाफ्टला जोडण्यापेक्षा पट्ट्याने जोडा. दोन कारणं आहेत. मोटर स्वतः तापते आणि ती यंत्राला चिकटून असली तर तिची ऊब बुडात शिरते. शिवाय काही अडकलं तर पट्टा घसरतो, काच फुटत नाही. पट्ट्यावर आणि क्रँकवर झाकण लावा. क्रँक छोटा दिसला तरी बोट सापडलं तर सोडत नाही. आणि दिशा बदलताना आधी पूर्ण थांबवा, मगच स्विच उलटा.

६. दिशा हाताने ठरवा

मोटरचे धन-ऋण, पट्ट्याचा पीळ, चाकाची कुठली बाजू आपल्याकडे आहे, या गोंधळात दिशा डोक्याने ठरवायला जाऊ नका. पट्टा काढा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि एकच गोष्ट बघा: पॉवर पिस्टन बाहेर जात असताना डिस्प्लेसर कुठे आहे?

पिस्टन बाहेर जातो तेव्हा हवा फुगत असते. त्या वेळी डिस्प्लेसर बुडाकडे असेल तर हवा शेंड्याकडे आहे, म्हणून शेंडा गार पडेल. डिस्प्लेसर शेंड्याकडे असेल तर हवा बुडाकडे आहे, बुड गार पडेल. थोडक्यात, पिस्टन बाहेर जाताना हवा ज्या टोकाला, ते टोक गार. ही खूण डिस्प्लेसर आणि पॉवर पिस्टन एकाच सिलिंडरमध्ये असलेल्या बीटा रचनेलाही लागू पडते, आणि एरवी वीस मिनिटं वाट बघून जे कळतं ते अर्ध्या फेरीत कळतं. खडूच्या बाणाच्या दिशेने फिरवलं की शेंडाच गार निघायला हवा. तसं निघालं नाही तर बाण काढतानाच काही चुकलंय.

गॅमा यंत्रात शेंडा गार ठेवणं जास्त सोयीचं. पॉवर पिस्टनच्या घर्षणाची उष्णता नेहमी बुडाकडेच जाते. बुड गरम बाजू असेल तर ती जाकिटातल्या पाण्यातून निघून जाते, बुड गार बाजू असेल तर तीच उष्णता गारवा खाते.

७. पहिली खेप

थर्मोकपलची टोकं शेंड्याला आणि बुडाला टेपने घट्ट चिकटवा, वरून फोमचा तुकडा ठेवा, नाहीतर मीटर धातूऐवजी खोलीतली हवा मोजतो. लांबून मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं बोलतो. तोच वापरायचा असेल तर आधी धातूवर काळी मॅट टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

बुडाच्या जाकिटात खोलीच्या तापमानाचं पाणी भरा. पंपाला उष्णता टाकायला जागा लागते, आणि बुड तापत गेलं की शेंडाही त्याच्यामागून वर सरकतो. सुरुवात मिनिटाला १०० फेऱ्यांपासून करा, पाच मिनिटांनी २००, मग ३००, मग ४००. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही तापमानं, व्होल्ट आणि अँपिअर लिहा. वेग वाढवला की दर सेकंदाला जास्त चक्रं होतात, पण हवेला धातूशी उष्णतेची देवाणघेवाण करायला वेळ कमी मिळतो आणि घर्षण वाढतं. मधे कुठेतरी एक चांगला वेग असतो. माझा ३०० च्या आसपास निघाला, तुमचा वेगळा असेल.

पहिल्या दिवशी मला दोन टोकांत ५ अंशांचा फरक मिळाला. तुम्हालाही एवढाच मिळाला तर यंत्र सोडवायला बसू नका. पुढे वाचा.

८. रिजनरेटर: सगळा जीव इथे आहे

इंजिन रिजनरेटरशिवायही फिरतं. कारण ज्योतीकडे उष्णतेची चंगळ असते, थोडी वाया गेली तरी चाक थांबत नाही. पंपाकडे ती चैन नाही. इथे थोडा हिशेब करू, कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढची सगळी मेहनत कुठे घालायची ते यातून ठरतं.

दोन्ही टोकं एकाच तापमानाला असताना माझ्या मापांचं यंत्र कागदावर दर फेरीला शेंड्यातून ०.४४ ज्यूल उष्णता उचलतं. मिनिटाला ३०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५, म्हणून साधारण २.२ वॅट. हा वरचा आकडा, प्रत्यक्षात याहून कमीच.

आता दुसरी बाजू. डिस्प्लेसर दर फेरीला २० घन सेंमी हवा बुडाकडून शेंड्याकडे आणि परत ढकलतो. तेवढ्या हवेचं वजन सुमारे ०.०२४ ग्रॅम. एक ग्रॅम हवा एक अंशाने गार करायला साधारण एक ज्यूल काढावा लागतो. दोन टोकांत ४० अंशांचा फरक असेल, तर बुडाकडून येणारी गरम हवा शेंड्यात येऊन गार होताना ०.९६ ज्यूल तिथे ओतते. उचलायचे ०.४४ आणि दर फेरीला घरात शिरणारे ०.९६. रिजनरेटर अजिबात नसेल तर साधारण १८ अंशांच्या फरकालाच जमा-खर्च बरोबरीत येतो, आणि हे झालं घर्षण, गळती, भिंतीतून वाहणारी उष्णता असं काहीही न धरता.

रिजनरेटर म्हणजे वाटेतला सावकार. बुडाकडून जाणाऱ्या हवेची उष्णता तो ठेवून घेतो आणि हवा परत येताना तिला परत देतो. त्याने ८० टक्के उष्णता सांभाळली तर ०.९६ चे ०.१९ ज्यूल होतात आणि खिशात काहीतरी उरतं.

करायचं असं. डिस्प्लेसर आणि नळी यांच्यात माझ्याकडे चहूबाजूंनी दीड मिमीची फट होती. डिस्प्लेसरभोवती स्टील वूलचा पातळ, एकसारखा थर गुंडाळा, केसाएवढ्या स्टेनलेस तारेने दोन-तीन ठिकाणी बांधा. थर नळीला नुसता घासून जावा, अडकू नये. हाताने चाक फिरवताना अडखळल्यासारखं वाटलं तर थर जास्त झालाय. फार घट्ट भरला तर हवेला वाट मिळत नाही आणि मोटरची ताकद हवा गाळण्यातच जाते, फार विरळ ठेवला तर हवा एका बाजूने निसटते आणि बाकीच्या तारा नुसत्या शोभेला राहतात. मी चार थर करून बघितले, तिसरा बरा निघाला. यात मोजमापापेक्षा हाताचा अंदाज जास्त चालतो.

दोन सापळे. साधं, गंजणारं स्टील वूल वापरू नका, आतल्या दमटपणाने महिन्याभरात त्याची लाल पूड होते. दुसरा सापळा सुटलेल्या तारांचा. सुटी तार हवेबरोबर पॉवर सिलिंडरमध्ये पोचली की काचेवर कायमचा ओरखडा उमटतो. थर बांधून झाल्यावर डिस्प्लेसर कागदावर जोरात आपटा, जेवढं गळायचं तेवढं तिथेच गळू दे. सिलिंडरच्या वाटेवर बारीक जाळीचा तुकडाही बसवा. ही अक्कल मला एक सिरिंज गमावल्यावर आली.

थर बसवल्यावर, खोली २८ अंशांना असताना, वीस मिनिटांत माझा शेंडा १३ अंशांवर आला आणि बुड ३१ वर स्थिरावलं. आधी ५ अंशांचा फरक होता, आता १८.

९. खरंच पंप होतंय, की भास आहे?

एक टोक तापलं म्हणजे उष्णता हलली असं नाही. घर्षणानेही तापतं, मोटरनेही तापतं. गार होणं जास्त विश्वासाचं, तरी या दोन चाचण्या कराच.

पहिली: डिस्प्लेसरची दांडी क्रँकपासून सोडवा, डिस्प्लेसर मधोमध अडकवून ठेवा आणि फक्त पॉवर पिस्टन चालू द्या. दाब वर-खाली होईल, घर्षण होईल, पण शेंडा गार पडता कामा नये. बुड किती तापतं ते लिहून ठेवा, तो तुमच्या घर्षणाचा हिस्सा.

दुसरी, आणि मला सगळ्यात आवडणारी: यंत्र थांबवा, सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग स्विच उलटून दुसऱ्या दिशेने चालवा. आता शेंडा तापायला हवा आणि बुड गार पडायला हवं. अदलाबदल अगदी जशीच्या तशी होणार नाही. घर्षणाची उष्णता दोन्ही वेळा बुडातच येते, त्यामुळे बुड शेंड्याइतकं गार पडत नाही. पण टोकांची बाजू बदलली की वाद संपला, कारण घर्षण कुठल्या दिशेने फिरतंय हे बघत नाही.

आणि हो, माझ्या पहिल्या दोन आठवड्यांतलं ते कोमट टोक म्हणजे ही दुसरी चाचणीच होती. नकळत पास झालेली.

१०. किती वॅट? रेझिस्टरने मोजा

तापमानातला फरक सांगायला छान वाटतो, पण पंपाची कुवत वॅटमध्ये कळते. पद्धत सोपी आहे आणि मोठ्या शीतयंत्रांनाही हीच लावतात.

शेंड्याला १० ओहमचा रेझिस्टर उष्णता नेणारी पेस्ट लावून बांधा, वरून फोमने नीट झाका. यंत्र नेहमीच्या वेगाने चालू करा. रेझिस्टरचा व्होल्टेज थोडा थोडा वाढवत न्या, प्रत्येक वेळी तापमान स्थिर व्हायला वेळ द्या. ज्या व्होल्टेजला शेंड्याचं तापमान बुडाइतकं होऊन थांबतं, त्याचा वर्ग करून १० ने भागा. तेवढे वॅट तुमचा पंप शून्य फरकाला उचलतो. माझं उत्तर २.४ व्होल्टला आलं, म्हणजे सुमारे ०.५८ वॅट. कागदावरच्या २.२ च्या जवळपास पाव.

त्याच वेळी मोटर १२ व्होल्टला ०.७५ अँपिअर घेत होती, म्हणजे ९ वॅट. नऊ घालून अर्ध्याच्या जरा वर. १३ आणि ३१ अंशांमध्ये काम करणारं आदर्श यंत्र एका वॅटच्या कामात जवळपास १६ वॅट उचलू शकतं, एवढं अंतर आहे. तेव्हा या यंत्राने खोली गरम करायचे किंवा पेटी गार ठेवायचे बेत आखू नका. पट्टा काढून नुसती मोटर किती वीज खाते ते मोजा, मग डिस्प्लेसरशिवाय किती खाते ते. कुठला वॅट कुठे जातो ते या दोन आकड्यांत दिसतं. माझ्याकडे ३ वॅट तर मोटर आणि तिचे गिअर रिकामेच खात होते.

११. दाब वाढवण्याआधी

आतला सरासरी दाब दुप्पट केला की उचललेली उष्णताही साधारण दुप्पट होते, म्हणून हा मोह प्रत्येकाला होतो. या यंत्रावर तो करू नका. काचेची सिरिंज आणि चिकटवलेले जोड दाबासाठी नसतात, काच फुटली तर डोळ्यांत जाते. शिवाय पिस्टनच्या मागच्या बाजूला वातावरणाचाच दाब असल्यामुळे आतला दाब वाढवला की पिस्टन सरळ बाहेर फेकला जातो. क्रँकसकट सगळं एका बंद पेटीत घेऊन पेटीतच दाब भरावा लागतो, म्हणजे यंत्र नव्याने बांधावं लागतं. बांधलंच, तर पेटी आधी पाणी भरून चालवायच्या दाबाच्या दीड-दोनपट दाबाला तपासा. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी स्फोट न होता गळते. दाबलेली हवा आणि तेल एकत्र येऊ देऊ नका, आणि ऑक्सिजन तर चुकूनही भरू नका.

त्यापेक्षा शेंड्याच्या आतल्या बाजूला तांब्याच्या जाळीच्या दोन-तीन चकत्या बसवा. हवेला धातूशी भेटायला जागा वाढते. धोका नाही आणि फरक मीटरवर दिसतो.

१२. दव आणि दमटपणा

शेंडा खोलीतल्या दवबिंदूच्या खाली गेला की त्यावर पाण्याचे थेंब दिसतात. बघून आनंद होतो, पण वाफेचं पाणी होताना उष्णता सोडते आणि ती पुन्हा पंपालाच उचलावी लागते. म्हणून फोम हवाबंद गुंडाळा, कडा टेपने बंद करा. एकदा थेंब बघायचेच असतील तर बघा, फोटो काढा आणि मग झाका.

आतला दमटपणा जास्त त्रासदायक. तो रिजनरेटरच्या गार टोकाला साठतो, तारा ओल्या होतात, हवेची वाट अडते आणि अर्ध्या तासाने तापमान आपोआप वर चढायला लागतं. तसं झालं की यंत्र थांबवा. स्क्रू उघडा, त्या छिद्राला सिलिका जेलने भरलेली नळी जोडा, आणि रिजनरेटर कोरडा होईपर्यंत चाक हाताने सावकाश फिरवून आतली हवा त्या नळीतून आत-बाहेर होऊ द्या. जेलचे दाणे रंग बदलणारे घेतले तर ओल किती निघाली ते दिसतं. मग पिस्टन मध्यावर आणून स्क्रू बंद करा आणि त्याच वेगाने पुन्हा वीस मिनिटं चालवा. आकडे आधीच्या खेपेच्या शेजारच्या रकान्यात लिहा, खोलीचं तापमान विसरू नका.